श्रीधरकाका आणि चालणारी बाई

तुम्हाला कधी भर बाजारात एखाद्या अनोळखी माणसानं अडवून, "जरा परत चालून दाखवता का?" असं विचारलं आहे का? नसेल, तर पाच-सहा वर्षांपूर्वी तुम्ही हैदराबादेत कोठी नावाच्या भागात फिरकला नसाल. किंवा फिरकला असाल, पण तुमच्या चालीत काही राम नसेल.

आमचे शेजारी श्रीधर भालकीकर त्या काळात रोज संध्याकाळी कोठीत जुन्या पुस्तकांच्या गाड्यांपाशी उभे राहत. पुस्तकांकडे पाठ, रस्त्याकडे तोंड. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चाली बघणं हा त्यांचा उद्योग. एखादी चाल मनात भरली की छत्री सावरत त्या माणसामागं धावायचे, गाठायचे आणि हात जोडून म्हणायचे, "माफ करा, तुमचा डावा खांदा बघायचा राहिला. जरा वापस जाके फिर से आव ना, साब." मराठीत सुरू झालेलं वाक्य समोरच्याचा चेहरा बघून दखनीत संपायचं. माणूस आधी स्वतःचं पाकीट चाचपायचा, मग काकांचा चेहरा बघायचा आणि बहुतेक वेळा निमूट परत चालून दाखवायचा. इतक्या कळकळीनं आयुष्यात त्याच्याकडे कुणी काही मागितलेलं नसायचं.

अफझलगंजच्या एका हवालदाराला मात्र हे मस्करी वाटलं. त्यानं काकांना चौकीत नेऊन बाकावर बसवलं. काका उठले आणि त्यांनी त्या हवालदाराचीच चाल त्याला करून दाखवली. उजवा पाय जरा तिरका पडतो, म्हणजे बूट करंगळीला चावतो, असं निदानही केलं. हवालदारानं दार लोटून घेतलं, बूट काढला, करंगळीवरचं कुरूप दाखवलं आणि चहा मागवला.

बेगम बाजारात त्यांनी एका हमालाच्या पाठीवरचं लाल मिरचीचं पोतं स्वतःच्या पाठीवर घेतलं. ओझं वाहणारा माणूस कुठून वाकतो हे त्यांना आतून बघायचं होतं. अर्धी गल्ली ते शिंकत शिंकत गेले आणि पोत्यासकट एका किराणा दुकानाच्या पायरीवर बसले. घरी आल्यावर नाक पुसत मला म्हणाले की आज फार मोठी गोष्ट कळली, शिंकणाऱ्या माणसाची टाच आधी उचलते.

आमच्या गल्लीतले एक वृद्ध वकील तर काकांनी चाल मागितल्यावर इतके खूश झाले की रोज कोठीत येऊन दोनदोनदा चालायला लागले. चौथ्या संध्याकाळी काकांनी त्यांना नमस्कार करून निरोप दिला. कुणी बघतंय हे कळलं की माणूस चालत नाही, मिरवतो, असं काकांचं म्हणणं.

एक नियम मात्र पक्का होता. बायकांना त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नाही. भाजीवाली असो, मास्तरीण असो, कितीही सुंदर डुलत जाणारी आजीबाई असो, काका मान फिरवायचे. लोक म्हणत, जुन्या वळणाचा सज्जन माणूस आहे. मला खरं कारण ठाऊक होतं, कारण मी त्यांच्या घराला घर लावून वाढले.

काका अविवाहित. घरात ते आणि त्यांची धाकटी बहीण विमलआत्या. आत्या मराठी शाळेत शिकवायची, तिच्या जिभेला धार होती आणि लहानपणीच्या तापानं तिचा डावा पाय बारीक राहिला होता. एकेकाळी त्या घरात तिला बघायला पाहुणे यायचे. नांदेडहून, बीदरहून, लातूरहून. पोहे खायचे, नाव विचारायचे, आणि मग कुणीतरी अगदी गोड आवाजात म्हणायचं, बाळ, जरा त्या दारापर्यंत चालून दाखव. आत्या चालून दाखवायची. पाहुणे पोहे संपवून जायचे. कपबश्या उचलायचं काम काकांकडे असायचं. मुलीला बाजारातल्या बैलासारखं चालवून बघणाऱ्या या रीतीला जो समाज संस्कार म्हणतो त्याच्याबद्दल मला पुष्कळ बोलता येईल, पण इथं एवढंच सांगते की काकांनी त्यानंतर कुठल्याही बाईला चाल मागितली नाही. आत्याला तर नाहीच नाही.

पण हा माणूस चाली गोळा कशाला करत होता? पोटासाठी. काका मूळचे पाटबंधारे खात्यात नकाशे काढणारे. सरकारी नोकरी, पेन्शन, सगळं शाबूत. तेवढ्यात देशाची दारं उघडली, गच्चीगच्चीवर डिश अँटेना उगवल्या, आणि लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा धंदा करणाऱ्या रेड्डीगारूंनी, म्हणजे आपल्या भाषेत रेड्डीरावांनी, परदेशातून एक ग्राफिक्स वर्कस्टेशन मागवलं. कोठीत दुसऱ्या मजल्यावर स्टुडिओ उघडला. जांभळट रंगाचा एक डबा, त्यावर भलाथोरला पडदा, आणि चित्रं हलवणारं सॉफ्टवेअर. त्या डब्यासाठी वेगळी खोली, खोलीला एसी, चपला बाहेर. आमच्या देव्हाऱ्याला नव्हतं एवढं सोवळं त्या डब्याला होतं.

काका सहज बघायला गेले. रेड्डीगारूंनी त्यांना पडद्यावर एक चेंडू टप्पे खाताना दाखवला. बघणारे सगळे चकित झाले. काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "वजन कुठाय?" चेंडू पडतोय, उसळतोय, पण जड वाटत नाही. तो नीट पाडायचा कसा हे बघायला ते रोज जायला लागले आणि चेंडूला वजन आलं त्या आठवड्यात त्यांनी सरकारी नोकरी सोडली. नातेवाईक सुतकात असल्यासारखे भेटून गेले.

तेव्हापासून "वजन कुठाय?" हे त्यांचं पालुपदच झालं. पातळ वरणाला वजन कुठाय, पुढाऱ्याच्या भाषणाला वजन कुठाय. माझे वडील टपाल खात्यातले युनियनवाले. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या पत्रकांवर. या स्टुडिओविरुद्ध मीही एक पत्रक काढलं होतं, यंत्राला गारवा आणि माणसाला घाम का, असा सवाल करणारं. शेजारच्या खोलीत चित्रं रंगवणारी चार माणसं पंख्याशिवाय बसायची, म्हणून. काकांनी ते वाचून घोषणांचं कौतुक केलं आणि मग विचारलं, वजन कुठाय? रेड्डीगारूंनी ते वाचून मला जाहिराती लिहायचं काम देऊ केलं. वडिलांनी याला फितुरी म्हटलं. मी काम धरलं, पण पत्रक स्टुडिओच्या दारावर चिकटवूनच आत गेले. उन्हाळ्याआधी त्या खोलीला पंखे लागले.

काम काय, तर अक्षरं उडवायची. प्रत्येक गिऱ्हाइकाला आपलं नाव सोनेरी, चकचकीत आणि गिरक्या घेत येणारं हवं असायचं. मिठाईवाल्याला पृथ्वीभोवती फिरणारा लाडू हवा होता. एका दवाखान्यालाही आपलं नाव अंतराळातून यायला हवं होतं. त्या काळात हैदराबादेत जमिनीवर राहायला एकही अक्षर तयार नव्हतं. काका बिचारे एकेका अक्षराला खाली आणून बसवायचे, गिऱ्हाईक ते परत उडवायला लावायचं.

मग बेगम बाजारचे मसाल्याचे व्यापारी, शेठजी, आले. त्यांना उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, आत टीव्हीसाठी जाहिरात हवी होती आणि तिच्यात कॉम्प्युटरची बाई हवी होती. खरी नटी का नको, असं मी विचारलं. त्यांचा हिशेब सरळ होता. खरी बाई उद्या दुसऱ्याच्याही मसाल्यासाठी हसेल, कॉम्प्युटरची बाई जन्मभर त्यांचीच. काम जमलं तर वर्षभराच्या जाहिराती आमच्याकडे, नाही जमलं तर डबा विकून पुन्हा लग्नं, हे रेड्डीगारूंनी आम्हाला स्वच्छ सांगितलं.

काका बाई घडवायला बसले. आजची पोरं हसतील, पण तेव्हा माणूस म्हणजे गोळे आणि नळकांडी. बाईचं डोकं झालं ते गुळगुळीत वांग्यासारखं. साडी काही केल्या जमेना, कापडाची चुणी त्या डब्याच्या डोक्यात शिरायची नाही, म्हणून साडी म्हणजे उपडं ठेवलेलं नरसाळं. एकेक चित्र पूर्ण रंगून यायला, म्हणजे रेंडर व्हायला, इतका वेळ लागायचा की आम्ही खाली इराण्याकडे चहा पिऊन परत यायचो तेव्हा यंत्र तिच्या कपाळापर्यंत पोचलेलं असायचं.

स्वयंपाकघराच्या दारातून टेबलापर्यंत तिनं चालत यायचं, एवढंच काम. पण नरसाळ्यात पाय दिसत नाहीत. चालणं दाखवायचं ते खांद्यांतून, कमरेतून. पहिल्यांदा बाई खाली चाकं लावल्यासारखी आली. "चालत नाही, सरकायली," काका म्हणाले. मग त्यांनी तिला स्वतःची चाल दिली, तर ती पाटबंधारे कचेरीतून दमून घरी चाललेल्या कारकुनासारखी दिसायला लागली. वकीलसाहेबांची दिली, तर खटला जिंकून आल्यासारखी. शेकडो पुरुषांच्या चाली त्यांच्या डोक्यात होत्या, त्यातली एकही तिला लागेना.

बरेच दिवस काका त्या पडद्यापुढून हलले नाहीत. आणि एका दुपारी ती बाई चालली.

खरोखर चालली. वांग्याचं डोकं, नरसाळ्याची साडी, पण दारातून कुणीतरी घरचं माणूस आलं असं वाटलं. रेड्डीगारूंनी चष्मा काढून पुसला. पंख्याखालची चौघं दाराशी येऊन उभी राहिली. काकांना मी एवढं आनंदी कधी पाहिलं नव्हतं. वजन आलं, वजन आलं, असं ते प्रत्येकाला धरून सांगत होते.

दुसऱ्या दिवशी शेठजी आले. बघितलं, खूश झाले. परत लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा बघताना त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"रेड्डीजी," ते म्हणाले, "ये औरत लंगड़ा रही है."

"कुठं?" काकांनी विचारलं. त्यांना खरंच दिसत नव्हतं. त्यांनी चित्र परत लावलं, पडद्याजवळ गेले, मागं सरकले. खोलीतल्या प्रत्येकाला आता दिसत होतं की दर दुसऱ्या पावलाला बाईचा डावा खांदा खाली जातोय आणि मान जराशी उजवीकडे कलतेय. अख्ख्या शहराच्या चाली पाठ असणाऱ्या माणसालाच तेवढं ते दिसत नव्हतं. त्यांनी एकाच बाईला जन्मभर चालताना पाहिलं होतं. त्यांच्या लेखी बायका अशाच चालतात.

मग त्यांना दिसलं. उठले, खोलीबाहेर आले आणि अनवाणीच जिना उतरले. चपला दाराशी तशाच राहिल्या.

शेठजींचं म्हणणं पडलं की लंगडी बाई अपशकुनी, तिच्या हातचा मसाला कोण घेणार. रेड्डीगारूंनी शब्द दिला की सोमवारपर्यंत सरळ करून देतो. आणि ते अवघड नव्हतंच. पडद्यावर खांद्याची हालचाल एका वळणदार रेघेनं दाखवलेली असायची. ती रेघ धरून सरळ ओढायची, की खांदा सरळ.

मी चपला घेऊन काकांच्या घरी गेले. काका गॅलरीत पाठ करून बसले होते. दार विमलआत्यानं उघडलं. दादा जेवला नाही, बोलत नाही, पाय पोळून घेतलेत, झालं काय, असं तिनं विचारलं. काकांना दोनच भीती होत्या. ती रेघ सरळ करावी लागेल ही एक, आणि आत्याला हे कळेल ही दुसरी. पण विमलआत्या पंचवीस वर्षं वर्गावर उभी राहिलेली बाई, तिच्यासमोर थाप टिकत नाही. मी सगळं सांगितलं. चपला माझ्या हातून घेतल्या आणि काकांच्या शेजारी नेऊन ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती स्टुडिओत आली. दोन मजले चढून, पहिल्यांदाच. काका खुर्चीतून अर्धवट उठले आणि तसेच राहिले. "लाव," ती म्हणाली. काकांनी लावलं. ती बघत राहिली. बाई दारातून टेबलापर्यंत आली, पुन्हा दारात गेली, पुन्हा आली.

"दादा," ती शेवटी म्हणाली, "मी अशी चालायले?"

"हौ," काका म्हणाले.

"बरी चालायले की." ती पडद्याजवळ गेली. "मला वाटायचं, लई वाईट दिसत असंल. इतके लोक घरी येऊन चालून दाखव, चालून दाखव म्हणून गेले. मला कुणी दाखवलंच नव्हतं."

मग आत्या एकदम शाळेतल्या आवाजात म्हणाली की डोकं मात्र अगदी वांगं केलंयस, आणि बिनकाठाची साडी नेसून कोण टेबलापर्यंत येतं. काका हसायला लागले आणि डोळे पुसायला लागले, दोन्ही एकदम. तिनं जाताना बजावलं की गिऱ्हाइकाचं काम आहे, रेघ सरळ कर, माझ्या पायापायी चार माणसांची नोकरी घालवू नकोस. मी बघितलं, मला पुरे.

काकांनी रेघ सरळ ओढली. सोमवारी शेठजी आले, आणि बघून त्यांचं तोंड उतरलं. "ये तो सरकने लगी," ते म्हणाले. त्यांना पहिलीच बाई हवी होती. ती घरातली वाटते, ही दुकानातली वाटते. पण खांद्याचं काय? शेठजींनी डोळे मिटले आणि बेगम बाजारच्या अकलेनं तोडगा काढला. तिच्या डाव्या काखेत पितळी कळशी द्या. ओझं असलं की बाई झुकणारच, कोण काय म्हणेल?

मी भडकले. माणसाचं चालणं चालत नाही, ओझं चालतं, या विषयावर पत्रक लिहायला बसले. विमलआत्यानं ते वाचलं, दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि घडी करून माझ्याच हातात दिलं. कळशी तर कळशी, रिकामीच आहे न, म्हणाली. काकांनी कळशी केली, सुरेख केली, आणि तिच्या हिशेबानं खांदा-मान नव्यानं बसवले. उगादीच्या रविवारी सकाळी गाण्यांच्या कार्यक्रमात जाहिरात लागणार म्हणून सगळी गल्ली आमच्या टीव्हीपुढं जमली. विमलआत्या पुढं सतरंजीवर होती.

बाई दारातून आली. काखेत काही नव्हतं. कळशी नव्हती. डावा खांदा खाली जात होता, मान उजवीकडे कलत होती, आणि ती ऐटीत टेबलापर्यंत चालत आली.

खोलीतल्या बायका टीव्हीकडे बघत होत्या, मग आत्याकडे, मग परत टीव्हीकडे. आमच्या समोरच्या काकू हळूच म्हणाल्या, विमलताई, तुम्ही टीव्हीत आलात. "हौ," आत्या म्हणाली, "पण मसाला घरचाच बरा."

तासाभरात रेड्डीगारूंना शेठजींचा फोन आला. काका म्हणाले, टीव्हीवाल्यांकडे पाठवताना कॅसेट बदलली वाटतं. पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावून ठेवणारा माणूस. रेड्डीगारूंनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. चुकीची कॅसेट परत मागवून पुसली गेली, सोमवारपासून कळशीवाली बाई लागली आणि ती वर्षभर गाजली. पुढं स्वस्त कॉम्प्युटर आले, जांभळा डबा भंगारात गेला. बाईची चाल ज्या फितींवर ठेवली होती त्या काकांच्या कपाटात आहेत, पण त्या वाचणारं यंत्र आता या शहरात कुणाकडे नाही.

विमलआत्यानं त्याच वर्षी उदगीरकडच्या एका मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी अर्ज केला. आधी कितीदा तशी संधी आली होती, पण अनोळखी गावात अनोळखी लोकांपुढून रोज चालत जायचं तिच्या जिवावर यायचं. आता ती तिथं एकटी राहते, गावभर फिरते, आणि दादानं वरणात मीठ टाकायला शिकावं अशी कार्डं पाठवते.

काका संगणकाच्या क्लासमध्ये शिकवतात. पोरं डायनासोर करतात, काका वजन विचारतात. परवा मी त्यांच्याबरोबर कोठीतून अफझलगंजपर्यंत चालत गेले. तेव्हा लक्षात आलं की ते दर दुसऱ्या पावलाला किंचित थबकतात, आणि गर्दीतसुद्धा आपल्या डावीकडे एका माणसाची जागा मोकळी ठेवतात. त्यांना हे माहीत नाही. तिथल्या लायब्ररीपाशी ते थांबले आणि मला म्हणाले, "खांदा आधी खाली जायचा की मान आधी कलायची, ते आता नीट आठवेना बघ."

आत्या सुट्टीत येईल तेव्हा बघून घ्या, मी म्हटलं.

"आणि काय म्हणू तिला? चालून दाखव?"

म्हणून तुम्हाला विनंती आहे. त्या काळात उगादीच्या रविवारी सकाळी टीव्हीवरची गाणी तुमच्या घरी कुणी व्हिडिओ कॅसेटवर भरून ठेवली असतील, तर ती कॅसेट शोधा. तिच्यावर कुणाचं बारसं चढवू नका. पत्रकांवर वाढलेली मी कुणाला जाहिराती बघा म्हणेन असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं, पण आज म्हणते. कॅसेट लावा, आणि मधे मसाल्याची जाहिरात आली तर बटण दाबून पुढं पळवू नका. नरसाळ्याची साडी नेसलेली, रिकाम्या हातांनी चालत येणारी एक बाई दिसेल. ती दिसली तर कॅसेट घेऊन कोठीत या आणि पुस्तकांच्या गाड्यांपाशी श्रीधर भालकीकरांची चौकशी करा.